क्वेस्ट ३एस घरी आलाय, पण अक्षरं पुसट, कंट्रोलर थरथरतो आणि बाबांना मळमळतं: नेमकं काय चुकतंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. भाऊ न्यू जर्सीहून मेटा क्वेस्ट ३एस, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जगात आत गेल्यासारखं दाखवणारा हेडसेट, घेऊन आला, सुट्टीत घरच्या सगळ्यांना दाखवला आणि परत गेला. आता तुम्ही तो लावता तेव्हा अक्षरं पुसट दिसतात. हातात धरायचा कंट्रोलर दृश्यात मध्येच थरथरतो, कधी आभासी हात भलतीकडेच उडून जातो. ६८ वर्षांच्या बाबांना पहिल्याच दिवशी उभं करून रोलर कोस्टर दाखवला, दोन मिनिटांत त्यांना मळमळायला लागलं, आणि तेव्हापासून ते "नको ते" म्हणून लांब बसतात. आठ वर्षांची मुलगी मात्र रोज मागे लागते. तुमचा शेवटचा प्रश्न: वस्तूच बिघडलेली आली का?

बहुतेक नाही. मी गेली काही वर्षं हेच काम करते. कारखान्यांत नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे द्यायचे, शाळांमध्ये मुलांना शरीराची रचना नाहीतर ग्रहमाला आतून दाखवायची. दिवसाला तीस-चाळीस जणांच्या डोक्यावर हेडसेट चढवायचा आणि उतरवायचा. "चालत नाही" म्हणून जे सेट माझ्याकडे येतात त्यांतले बरेचसे मी न उघडताच चालू करून परत देते, कारण अडचण यंत्रात नसते, लावण्याच्या क्रमात असते. आधी डोकं, मग डोळे, मग खोली, मग हात, आणि काय बघायचं ते सगळ्यात शेवटी. घरी नेमकं उलटं होतं. पाहुणे जमलेले असतात, खोकं उघडतं आणि थेट रोलर कोस्टर लागतो.

तर डोक्यापासून सुरू करू. पुसट अक्षरांचं उत्तर इथेच आहे.

हेडसेटचं वजन साधारण ५१४ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलोहून किंचित जास्त, आणि ते जवळजवळ सगळं पुढे, चेहऱ्यावर. हा भार नाकावर आणि गालांवर आला की पाच मिनिटांत कपाळ दुखतं आणि हेडसेट हळूहळू खाली घसरतो. तो दोन-तीन मिलिमीटर घसरला तरी चित्र पुसट होतं. ३एसमध्ये फ्रेनेल लेन्स आहेत, म्हणजे बारीक गोल खाचा असलेल्या पातळ लेन्स. त्यांचा नीट दिसणारा भाग मधोमध असतो, आणि डोळा त्या मधल्या भागासमोर नसेल तर कडा धूसर होतात, पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाच्या रेघा पसरतात. तुम्हाला वाटतं स्क्रीन खराब आहे. खरं तर डोळा चुकीच्या जागेतून बघतोय.

लावायची पद्धत अशी. बाजूचे पट्टे पूर्ण सैल करा. डोक्यावरून जाणारा मधला पट्टाही सैल करा. आता हेडसेट आधी चेहऱ्यावर टेकवा, एका हाताने तिथेच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने मागचा पट्टा डोक्यावरून मागे न्या. टोपीसारखा मागून पुढे ओढू नका, त्यात फोम नाकावर दुमडतो. मागचा पट्टा कुठे बसायला हवा हे बोटांनी शोधा: कवटीच्या मागे, मानेच्या वर, एक उंचवटा लागतो. पट्टा त्या उंचवट्याच्या खाली अडकला पाहिजे. वर राहिला तर तो निसटणारच. अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर तेवढ्यापुरता केस खाली घ्या, पट्ट्याच्या दोन भागांमधून वेणी सहज बाहेर निघते. मग बाजूचे पट्टे ओढा, पण हलकेच. आणि आता जी गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही ती करा: मधला, डोक्यावरचा पट्टा आवळा. पुढचं वजन तोच उचलतो. तो नीट बसला की गालांवरचा दाब एकदम कमी झालेला जाणवतो. मी लोकांना विचारते, "गाल मोकळे झाले का?" हो म्हणाले की पुढे जाते.

आता समोर मेनूतलं बारीक अक्षर बघा आणि हेडसेट दोन्ही हातांनी धरून किंचित वर, किंचित खाली, अगदी केसभर, हलवा. एका ठिकाणी अक्षर खाडकन स्पष्ट होतं. तिथे थांबा आणि मगच पट्टे पक्के करा. प्रत्येक माणसाच्या चेहऱ्यासाठी हे नव्याने करावं लागतं. भावाने लावून दिलं तेव्हा नीट दिसलं आणि आता दिसत नाही, याचं कारण बहुतेक हेच.

दुसरी गोष्ट डोळ्यांमधल्या अंतराची. दोन बाहुल्यांच्या मध्यांमध्ये किती मिलिमीटर अंतर आहे, त्यावर लेन्स कुठे असायला हव्यात ते ठरतं. मोठ्या माणसांत हे अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण कुणाचं ५६ असतं, कुणाचं ७०. ३एसमध्ये लेन्स हाताने सरकवायच्या असतात आणि त्यांच्या तीनच जागा आहेत: ५८, ६३ आणि ६८. (क्वेस्ट २ मध्येही हीच व्यवस्था होती. क्वेस्ट ३ला मात्र खाली एक चाक आहे, त्याने अंतर हवं तेवढं हळूहळू बदलता येतं.) अंतर ६१पेक्षा कमी असेल तर पहिली जागा, ६१ ते ६६ असेल तर दुसरी, त्याहून जास्त असेल तर तिसरी. चष्म्याच्या दुकानात हे अंतर चष्मा करतानाच मोजतात, त्यांना विचारलंत तर कागदावर लिहून देतील. घरी मोजायचं तर आरशासमोर नाकावर मोजपट्टी आडवी धरा, डावा डोळा मिटून उजव्या बाहुलीच्या मध्यावर शून्य ठेवा, मग पट्टी न हलवता उजवा मिटा आणि डाव्या बाहुलीचा आकडा वाचा. दोन-तीनदा मोजा. लेन्स सरकवताना लेन्सच्या काचेला बोट लावू नका, भोवतीची काळी कड धरा आणि दोन्ही लेन्स एकदम सरकवा. भाऊ उंच, रुंद चेहऱ्याचा असेल तर त्याने लेन्स तिसऱ्या जागेवर ठेवून दिल्या असतील. तुम्हाला आणि मुख्य म्हणजे बाबांना त्या चुकीच्या असू शकतात. चुकीच्या जागेवर नुसतं पुसट दिसत नाही, डोळ्यांवर ताण येतो आणि डोकंही धरतं.

बाबांना चष्मा असेल तर तो घालूनच हेडसेट लावायचा. फ्रेम फार रुंद असेल, १४ सेंटिमीटरच्या पुढे, तर अडचण येते. हेडसेट पुढून लावा आणि पुढूनच काढा, वर ओढून नको, नाहीतर चष्मा आतच अडकतो. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला टेकता कामा नये. हेडसेटच्या लेन्स प्लॅस्टिकच्या असतात, त्यावर ओरखडा पडला की तो जात नाही. फार जवळ बसत असेल तर चष्म्यासाठी मध्ये बसवायचा वेगळा स्पेसर मिळतो, किंवा नंबर टाकून बनवलेल्या, लेन्सवर चुंबकाने चिकटणाऱ्या काचा मिळतात. घरात एकच चष्मेवाला असेल तर दुसरा पर्याय खर्चिक असला तरी सोयीचा आहे. चाळिशीच्या चष्म्याबद्दल लोक हमखास विचारतात. हेडसेटमधली स्क्रीन डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असली तरी लेन्समुळे डोळ्याला ती एक-दोन मीटर लांब असल्यासारखी दिसते. त्यामुळे फक्त वाचायचा चष्मा असलेल्यांना तो बहुतेक वेळा लागत नाही, आणि लांबचा नंबर असणाऱ्याला मात्र लागतो.

लेन्स पुसायच्या त्या फक्त कोरड्या, चष्म्याच्या मऊ फडक्याने, मधून बाहेर गोल-गोल. सॅनिटायझर, स्पिरिट, कॉलिन, ओढणीचं टोक, काही नको. शाळांत आम्ही दर मुलानंतर पुसतो ते फक्त चेहऱ्याला लागणारा फोम, आणि तेही अल्कोहोल नसलेल्या वाइपने.

आता उन्हाबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही एकच चूक सेट कायमचा घालवते. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या गटातल्या एका मुलाने दिवसभराच्या घामाने ओला झालेला हेडसेट वाळावा म्हणून गच्चीच्या कठड्यावर ठेवला. पापड वाळवतो तसा, आतली बाजू वर करून. ऊन अर्धा तासही नव्हतं, ढगांतून अधूनमधून येत होतं. संध्याकाळी लावला तर दोन्ही डोळ्यांपुढे पिवळसर डाग, किड्याने कुरतडल्यासारखी वाकडी रेघ. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो ना, तेच झालं होतं. हेडसेटच्या लेन्स म्हणजे भिंगच. ऊन त्यांतून आत गेलं की नेमकं स्क्रीनवर एकवटतं आणि सूर्य सरकतो तशी जळाल्याची रेघ पुढे सरकते. ते दुरुस्त होत नाही. म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, झोपाळ्यावर, कुठेही लेन्स वर करून ठेवू नका. वापरून झाला की लेन्स खाली किंवा भिंतीकडे, नाहीतर सरळ पिशवीत. फोमचा भाग निघतो, तो काढा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. हे घरातल्या कामाच्या मावशींनाही सांगून ठेवा, कारण आवरताना खिडकीत ठेवला जाण्याची शक्यता तिथेच जास्त.

खोलीकडे येऊ. चालत-फिरत खेळायचं असेल तर निदान २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी. टीपॉय भिंतीला लावलंत की बहुतेक हॉलमध्ये तेवढी निघते. तेवढी नसेल तर बसून किंवा एका जागी उभं राहून वापरा. खेळायच्या जागेची सीमा आखायला हेडसेट सांगतो, तिच्याजवळ गेलात की समोर जाळी दिसते. तो विचारतो तेव्हा स्थिर सीमा निवडली की तुमच्याभोवती एक छोटं वर्तुळ आखलं जातं. सीमा आखताना ती भिंतीला चिकटवून आखू नका, हातभर आत घ्या. हात पुढे जातो तेव्हा सीमेची जाळी दिसेपर्यंत तो भिंतीवर आदळलेला असतो.

आणि वर बघा. सीमा फक्त चार बाजूंनी असते, डोक्यावर नसते. आपल्या घरांत डोक्यावर सीलिंग फॅन असतो. लावण्याआधी कंट्रोलर हातात घेऊन, टाचा उंचावून, दोन्ही हात पूर्ण वर करून बघा. फॅन लागण्याइतका जवळ असेल तर जागा बदला, "मी हात वर नेणार नाही" यावर भरवसा ठेवू नका. टेनिसचा किंवा चेंडू झेलायचा खेळ सुरू झाला की हात जातातच. ट्यूबलाइट, देव्हाऱ्यावरची फळी, लॉफ्टचा कोपरा, हेही तसेच.

माझी एक सवय सांगते, ती उचला. मोकळ्या जागेच्या मधोमध एक लहान सतरंजी किंवा आसन टाका आणि अनवाणी उभे राहा. तळव्यांना कड लागली की कळतं की आपण मध्यावरून सरकलो. डोळे झाकलेल्या माणसाला पायांनी दिलेली खूण फार उपयोगी पडते. मात्र खाली गुळगुळीत फरशी असेल तर आसन न सरकणारं घ्या.

कंट्रोलर थरथरण्याचं कारण समजून घ्यायचं तर तो कुठे आहे हे हेडसेटला कसं कळतं ते बघावं लागेल. कंट्रोलरच्या आत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड देणारे बारीक दिवे आहेत. हेडसेटवरचे कॅमेरे ते ठिपके बघतात आणि त्यावरून जागा काढतात. कंट्रोलरमध्ये हालचाल मोजणारा सेन्सरही आहे. हात पाठीमागे गेला, कॅमेऱ्यांना दिसेनासा झाला, की थोडा वेळ तो सेन्सर अंदाजाने काम चालवतो, पण अंदाज लगेच चुकत जातो आणि हात तरंगत भलतीकडे जातो. म्हणजे थरथर असेल तर विचारायचं ते हे: कॅमेऱ्यांना काय दिसत नाहीये, किंवा काय चुकीचं दिसतंय?

चुकीचं दिसण्याचं पहिलं कारण आरसा. कपाटाच्या दारावर पूर्ण उंचीचा आरसा असेल तर त्यात ठिपक्यांचं प्रतिबिंब दिसतं. त्यावर चादर टाका. दुसरं कारण दिव्यांच्या माळा. एका शाळेत आम्ही गणपतीच्या दिवसांत गेलो होतो, हॉलमध्ये आरास तशीच होती. सकाळभर कंट्रोलर वेड्यासारखे उड्या मारत होते. आम्ही सेल बदलले, सेट बंद करून चालू केले, काही उपयोग नाही. मग तिथल्या शिपाईकाकांनी जेवणाच्या सुट्टीत माळांचं बटण बंद केलं आणि पहिल्याच मुलाच्या हातात कंट्रोलर शांत झाला. माळेतले बारीक एलईडी कॅमेऱ्यांना कंट्रोलरच्या ठिपक्यांसारखेच दिसत होते. दिवाळीत, नाताळात हे लक्षात ठेवा. खिडकीतून थेट येणारं ऊनही असाच गोंधळ घालतं.

तुमच्या बाबतीत तिसरं कारणही तपासा, कारण सेट अमेरिकेतून आलाय. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० हर्ट्झची. ट्यूब आणि बरेच दिवे विजेच्या तालावर डोळ्यांना न दिसणारी लुकलुक करतात, आणि हेडसेटचे कॅमेरे त्या लुकलुकीशी जुळवून फोटो घेतात. ताल चुकला की चित्र मधूनमधून काळवंडतं आणि ट्रॅकिंग, म्हणजे जागा ओळखणं, बिघडतं. सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंगच्या भागात फ्रिक्वेन्सीचा पर्याय असतो, तो ५० हर्ट्झवर ठेवा. मेनूची मांडणी अपडेटनंतर बदलते, म्हणून नेमकी जागा सांगत नाही, सेटिंग्जमधल्या शोधात टाकलंत तर सापडेल.

"दिसत नाही" या बाजूला: उजेड फार कमी नको, पुस्तक वाचता येईल इतका हवा. आणि सगळ्या भिंती कोऱ्या पांढऱ्या असतील तर हेडसेटला स्वतःची जागा ओळखायला खुणा मिळत नाहीत. कॅलेंडर, पडदा, फोटोची चौकट, पुस्तकांचं कपाट, असं काहीतरी दिसायला हवं. कॅमेऱ्यांच्या काचाही पुसा, त्यांवर बोटांचे तेलकट ठसे हमखास असतात.

हातांकडे. प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक जाड पेन्सिल सेल लागतो, म्हणजे एए. सेल उतरला की आधी थरथर सुरू होते, मग कंट्रोलर बंद पडतो. चार्ज करायचे सेल वापरायला हरकत नाही, मीही तेच वापरते. पण ते १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५चे. त्यामुळे हेडसेट टक्केवारी कमी दाखवतो आणि शेवटी ती अचानक घसरते. आठ-दहा दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

मनगटाचा दोर आधी अडकवायचा, मग कंट्रोलर पकडायचा. याला अपवाद नाही. टीव्ही फुटतात ते हात सुटल्याने नाही, दोर न घातल्याने.

बटणं समजावताना मी नावं सांगतच नाही. तर्जनीखाली जे आहे ती चिमूट, मधल्या बोटाखाली जे आहे ती मूठ. बोट दाखवून काही निवडायचं असेल तर चिमूट. एखादी वस्तू उचलायची असेल तर मूठ आवळून धरायची आणि सोडायची तेव्हा मूठ उघडायची. अंगठ्याखालच्या दांडीने फिरायचं किंवा यादी सरकवायची. कारखान्यातल्या फिटरपासून चौथीतल्या पोरापर्यंत चिमूट आणि मूठ एका मिनिटात कळते, "ट्रिगर" आणि "ग्रिप" मात्र दहा मिनिटं घेतात. उजव्या कंट्रोलरवरचं मेटाची खूण असलेलं बटण दोन सेकंद दाबून ठेवलं की समोरचं दृश्य तुम्ही जिकडे बघताय तिकडे नव्याने जुळतं. मेनू पाठीमागे गेला, दृश्य तिरकं झालं, की हेच करायचं.

एखादा कंट्रोलर अजिबातच ओळखला जात नसेल तर तो परत जोडावा लागतो. फोनवरच्या मेटा होरायझन ॲपमध्ये हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलर जोडायचा पर्याय निवडा, मग उजव्यासाठी मेटाचं बटण आणि बी, डाव्यासाठी मेनूचं बटण आणि वाय, एकत्र दाबून ठेवा, दिवा लुकलुकेपर्यंत. घरात एवढं जमतं, यासाठी कुणाकडे न्यायची गरज नाही.

आता बाबा. मला तुमच्या प्रश्नातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण एकदा मळमळलेला माणूस परत यायला फार वेळ लागतो. आणि त्यांचं काहीच चुकलं नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी व्यवस्था असते. रोलर कोस्टरमध्ये डोळे सांगतात, आपण खाली कोसळतोय. कान सांगतो, आपण तर हॉलमध्ये उभे आहोत. दोघांचं जुळलं नाही की शरीर मळमळून कळवतं. घाटात एसटीत पुस्तक वाचताना होतं ते याचंच उलटं रूप: तिथे शरीर हलतंय आणि डोळे स्थिर. म्हणून पहिल्यांदा कोणालाही, विशेषतः उभं करून, रोलर कोस्टर दाखवणं हा मला अन्यायच वाटतो. नेमका तोच सगळ्यांना आधी सुचतो, कारण बघणाऱ्यांना ओरडणं ऐकायचं असतं.

परत सुरुवात अशी करा. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, जर पेसमेकर असेल, फिट्स येत असतील, चक्कर किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असेल, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल. यातलं काही नसेल तर सकाळची वेळ निवडा, जेवून लगेच नको आणि अगदी रिकाम्या पोटीही नको. हात असलेल्या, न फिरणाऱ्या खुर्चीत बसवा. टेबल फॅन समोरून हळू लावा. वारा चेहऱ्यावर आला की बरं वाटतं, आणि आपण कुठे तोंड करून बसलोय हेही कळत राहतं.

पहिले काही मिनिटं काहीही लावू नका. हेडसेट चढवल्यावर त्यातून खोलीच दिसते, तेच बघू द्या. आपलाच हॉल, आपलीच माणसं, आपलेच हात. माझ्या अनुभवात वयस्कर माणसांचा धीर इथे येतो. एक आजोबा होते, निवृत्त शिक्षक. त्यांनी हेडसेटमधून आधी स्वतःची बोटं मोजली, मग समोर बसलेल्या नातवाच्या शर्टाची बटणं मोजली, आणि म्हणाले, "हां, आता लाव काय लावायचंय ते." सेटच्या खालच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबलं की आभासी दृश्यातून लगेच परत खोली दिसते. हे बटण त्यांच्या बोटाने त्यांनाच दोनदा दाबायला लावा. बाहेर पडायची वाट माहीत असली की माणूस आत जायला घाबरत नाही.

मग एखादं स्थिर दृश्य. ३६० अंशांतला व्हिडिओ असेल तर कॅमेरा एका जागी उभा असलेलाच निवडा: नदीचा घाट, समुद्रकिनारा, देवळाचं आवार. कॅमेरा चालत असेल, गाडीत असेल, ड्रोनवर असेल तर नको. स्टोअरमध्ये प्रत्येक ॲपला त्रास किती होऊ शकतो याची तीन पायऱ्यांची खूण दिलेली असते, त्यातली सगळ्यात सौम्य तेवढीच बघा. कंट्रोलर द्यायची गरज नाही, ३एस नुसते हात ओळखतो, अंगठा आणि तर्जनी जुळवली की निवड होते. आणि तुम्ही फोनवर कास्ट लावून ठेवा, म्हणजे त्यांना काय दिसतंय ते तुम्हालाही दिसेल. "डावीकडे बघा, तिथे नाव आहे" असं सांगता येणं आणि "काय दिसतंय? काय दिसतंय?" असं विचारत राहणं यांत फार फरक आहे. फोन आणि हेडसेट एकाच वायफायवर हवेत.

पाच मिनिटांत काढा. त्यांना मजा येत असली तरी काढा. जांभया येऊ लागल्या, कपाळावर घाम आला, बोलणं कमी झालं, हे मळमळीच्या आधीचं लक्षण असतं, तेव्हा तर लगेचच. "थोडं सहन करा, सवय होईल" हे चुकीचं आहे. सवय होते ती त्रास सुरू होण्याआधी थांबल्याने, आणि सहन केलं तर पुढच्या वेळी हेडसेट बघूनच पोटात ढवळतं. काढल्यावर दोन मिनिटं बसू द्या, पाणी द्या, लगेच जिना किंवा स्कूटर नको. दिवसाआड पाच मिनिटं, मग दहा. हे तुम्हालाही लागू आहे. फिरायचे खेळ सुरू कराल तेव्हा सरकत चालण्याऐवजी उडी घेऊन पुढे जायचा पर्याय निवडा आणि वळताना गोल वळण्याऐवजी टप्प्याटप्प्याने वळायचा. दोन्ही बहुतेक खेळांच्या सेटिंग्जमध्ये असतात.

मुलीबद्दल माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: आठव्या वर्षी नको. मेटाची स्वतःची अट १० वर्षांची आहे, आणि १० ते १२ मध्येही आईवडिलांनी सांभाळायच्या खात्यावरूनच. आम्ही शाळांतही त्याखालच्या वर्गांना हेडसेट लावत नाही, मुख्याध्यापकांनी आग्रह केला तरी. लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं, लेन्सची सगळ्यात आतली जागाही त्यांना पुरत नाही. हेडसेट त्यांच्या मानेला जड होतो. आणि त्रास होतोय हे ती खेळाच्या भरात सांगत नाहीत. कास्ट केलेलं फोनवर तिला बघू द्या, आजोबांना "वर बघा, पक्षी" असं सांगायचं काम तिला द्या. ते काम मुलं फार मनापासून करतात.

उरलेलं भराभर. चार्जरवर बारीक अक्षरांत १००–२४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा, असेल तर फक्त चपट्या पिनांसाठी कन्व्हर्टर लागेल. बॅटरी साधारण दोन-अडीच तास पुरते. नुसता झोपलेला ठेवलात तर दोन-तीन दिवसांत उतरते, म्हणून बटण दाबून पूर्ण बंद करा. अपडेट पाहुणे यायच्या आदल्या रात्री, चार्जिंगला लावून. सेट भावाच्या खात्यावर असेल आणि त्याचं कार्ड जोडलेलं असेल तर खरेदीवर पिन लावून घ्या, आणि तुमचं स्वतःचं खातं त्यातच जोडा, म्हणजे प्रत्येकाचं सेटिंग वेगळं राहील. एसीच्या थंड खोलीतून आणलेला हेडसेट लावला की लेन्सवर वाफ धरते, दोन मिनिटं हातात धरून थांबा.

हे सगळं केल्यावरही तिन्ही जागांवर लेन्स ठेवून, पट्टा नीट बसवून, अक्षरं पुसटच राहिली, तर मला तुमचं बाहुल्यांमधलं अंतर, चष्म्याचा नंबर आणि पुसटपणा एकाच डोळ्यात आहे की दोन्ही, एवढं कळवा. एक डोळा मिटून बघितलंत की ते लगेच कळेल. आणि बाबांनी पुन्हा लावायला होकार दिला तर पहिल्या दिवशी त्यांना काय दाखवलंत तेही.